जाणाऱ्यासाठी बेल

सदलग्याच्या चंपाबाई चौगुले निपाणीच्या दुकानात बेल घ्यायला गेल्या, तेव्हा दुकानदार सौरवने त्यांच्यापुढे तीन खोकी मांडली. एक वायरीची, एक बॅटरीवर चालणारी आणि एक महागाची, जिच्यातली चित्रं साठवायला दरमहा पैसे भरावे लागत.

"आक्का, दारात कोण आलंय ते घरात बसून फोनवर दिसतंय. तुमचा पोरगा वृषभ बेंगळुरूत बसून त्याच्याशी बोलू शकतोय."

"येणारं कोण न्हाय रं आमच्याकडं. जाणारा हाय. त्यो दिसाय पायजे."

सौरव हसला. "मग उलटी लावावी लागंल की!"

"लाव की उलटी. आमच्या सासूबाई म्हणायच्याच, चंपीचं सगळं उलटं."

जाणारा म्हणजे पारिसाअण्णा, त्यांचे पती. अडतीस वर्षे ते तंबाखूच्या वखारीत माल पारखत. पान नाकाशी धरून कोणत्या शिवारातलं ते सांगत. तीन वर्षांपासून त्यांना बायकोचं नाव तेवढं आठवे, तेही रोज नाही. दोनदा घरातून निघून गेले. एकदा चिकोडीच्या स्टँडवर सापडले, एकदा दूधगंगेच्या काठी. दाराला कुलूप लावून पाहिलं, तर हात रक्ताळेपर्यंत दार बडवत राहिले. वृषभने "दोघंही बेंगळुरूला या" म्हणून वर्षभर धोशा लावला. चंपाबाई गेल्या नाहीत. परक्या घरात हा माणूस भिंतीभिंतीला आपटेल, हे त्यांना ठाऊक होतं. शिवाय इथे बस्ती, म्हणजे जैन मंदिर, होती, आणि बस्तीतले सकाळचे दर्शन चुकवून त्या लग्नानंतर एक दिवसही जगल्या नव्हत्या.

सौरवने बॅटरीची बेल कुंपणाच्या खांबावर, घराच्या दाराकडे तोंड करून बसवली. पहिल्या आठवड्यात मांजर आलं की फोन वाजे, केळीचं पान हललं की वाजे. मग वृषभने तिथूनच काहीतरी फिरवलं आणि फक्त माणूस दिसला तरच ती वाजू लागली. त्यानंतरच्या दीड महिन्यात पारिसाअण्णा चार वेळा उंबरा ओलांडून बाहेर पडले आणि चारही वेळा चंपाबाईंनी त्यांना फाटकापाशी गाठलं. शेजारच्या मालुबाई म्हणत, "नवऱ्यावर असला पहारा मला तरुणपणी मिळाला असता तर बरं झालं असतं गं." चंपाबाई रात्री पुन्हा झोपू लागल्या.

त्या वर्षी गावात एका मुनिमहाराजांचा चातुर्मास होता. महाराज दिवसातून एकदाच, सकाळी, उभ्याने आणि हाताच्या ओंजळीत आहार घेत. पाणीही त्याच वेळी. श्रावक सोवळ्यात दारी उभे राहून बोलावत, पण महाराज मनात एक नियम धरून निघत आणि तो जिथे जुळेल तिथेच थांबत. चंपाबाईंच्या स्वयंपाकाची शुद्धता गावात नावाजलेली. तरी महिनाभरात महाराज त्यांच्या दारी थांबले नव्हते. बायका बोलत. वेडं माणूस घरात, तिथं कसली शुद्धी. हे शब्द त्यांच्यापर्यंत पोचले होते.

ऑगस्टच्या दुसऱ्या बुधवारी त्यांनी पारिसाअण्णांना आंघोळ घातली, पांढरं धोतर-उपरणं नेसवलं, हातात नारळ दिला आणि आपल्या शेजारी दारात उभं केलं. सोवळ्यात शिवता येत नाही म्हणून फोन पुढच्या खोलीतल्या फळीवर ठेवला. आदल्या दिवशी महाराजांचा उपवास होता. ते गल्लीत शिरले, तीन घरं ओलांडली आणि चंपाबाईंच्या दारासमोर उभे राहिले. नियम होता, जोडप्याच्या हाती नारळ.

"नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु," म्हणताना चंपाबाईंचा आवाज चिरकला. तीन प्रदक्षिणा झाल्या. महाराज आत आले, पाठोपाठ मालुबाई आणि सोवळ्यातली सात-आठ माणसं आली. सगळे आत शिरेपर्यंत फळीवर बेल वाजत राहिली, मग थांबली. स्वयंपाकघर भरून गेलं. महाराजांनी ओंजळ जोडली आणि चंपाबाईंनी पहिला घास ठेवला.

तेवढ्यात फळीवर बेल परत वाजली.

त्यांनी मागे पाहिलं. पांढरी उपरणी खूप होती, त्यांत पारिसाअण्णांचं नव्हतं.

आहार चालू असताना आक्रोश कानी पडला, गोंधळ झाला, तर तो अंतराय. महाराज ओंजळ सोडतात आणि मग दुसऱ्या दिवशीपर्यंत पाण्याचा थेंब नाही. कालचा उपवास, त्यावर आजचा. तोही त्यांच्या घरात, त्यांच्या हातून. 'दारातच असतील,' चंपाबाईंनी मनाला सांगितलं. फळीवर पुन्हा बेल वाजली. मग वृषभच्या फोनची धून सुरू झाली. थांबली. पुन्हा सुरू झाली.

मालुबाई कुजबुजल्या, "चंपाक्का, तुजा फोन गं."

"असू दे. दूध दे हिकडं."

धून पाच वेळा वाजली. चंपाबाईंनी दूध दिलं, भाताचे घास दिले, पाणी दिलं. एक शीतही खाली पडलं नाही, असं नंतर सगळ्यांनी सांगितलं. आहार निर्विघ्न झाला. महाराजांना फाटकापर्यंत पोचवून त्या वळल्या, आणि मग गल्लीभर धावल्या.

वाटेत मारुतीराव भेटले, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीचे.

"अण्णा दिसले काय वो?"

"दिसलं की. नदीकडं चाललेलं, हातात नारळ. सोवळ्यात हुतं, म्हणून मीच बाजूला सरलो. पिठाचे हात माझे, कसं धरायचं? म्हटलं महाराजांस्नी आणाय चाललं असतील."

आणखी तिघांनी त्यांना पाहिलं होतं. तिघांनीही वाट करून दिली होती.

दूधगंगा त्या आठवड्यात पात्राबाहेर होती. गुरुवारी सकाळी पुराच्या पाण्यातल्या बाभळींत धोतर अडकलेलं दिसलं.

वृषभ आणि सून दिव्या रात्रीच निघून आले होते. दिवसभर माणसांची रीघ होती. येणारी प्रत्येक बाई चंपाबाईंच्या पायाला हात लावून म्हणे, "पुण्यवान हाईस गं. त्यांच्या शेवटच्या दिवशी घरात आहार झाला." चंपाबाई मान हलवत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माणसं पांगली तेव्हा वृषभने फोन काढला. "आई, बघणार काय? नको वाटलं तर नको."

त्या पुढे सरकल्या. दिव्या त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसली.

चित्रात घराचं दार होतं. महाराज आत गेले, माणसं आत गेली, आणि उंबऱ्यावर पारिसाअण्णा एकटे राहिले. कोपऱ्यात वेळ उमटली होती, दहा वाजून नऊ मिनिटं. ते आत पाहत होते. गर्दीच्या पाठीपलीकडे काही दिसतंय का म्हणून टाचा उंचावल्या. नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. दहा वाजून तेरा मिनिटांनी ते वळले आणि सावकाश पायऱ्या उतरले.

चार मिनिटं. पहिल्या घासाला बेल वाजली, तेव्हा ते दारातच होते.

"मी ऑफिसातनं बघत होतो," वृषभ म्हणाला. "पाच फोन केले. स्वयंपाकघरात ऐकूच आलं नसणार तुला. एवढ्या गर्दीत कसं ऐकू येईल?" त्याने मान वर केली नाही. "आलं नव्हतं ना, आई?"

न्हाय आलं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मालुबाई कधी बोलल्या नसत्या.

"आलतं," चंपाबाई म्हणाल्या. "सगळे आलते. ते मागं न्हाईत हेबी मला कळलं हुतं. महाराजांचा घास मोडंल म्हणून मी हलले न्हाय."

वृषभने फोन पालथा ठेवला. थोड्या वेळाने चंपाबाईंच्या पाठीवरचा दिव्याचा हात निघाला.