प्लगवरचा वर्ख

अकोल्याहून वायुदलातल्या माझ्या जुन्या सोबत्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत घरी दाढी करत होतो.

"भाऊ, नातीनं हेलिकॉप्टर दुरुस्तीच्या कोर्सले नंबर लावला. तू येऊन समजाव तिले. हे काम आपल्या घराले जमत नाई."

तो असं का म्हणाला, हे मलाच ठाऊक होतं.

वायुदलात लढाऊ हेलिकॉप्टरांच्या तुकडीत आम्ही दोघे वऱ्हाडी तंत्रज्ञ होतो. त्या यंत्रात एक खोट होती. गिअरबॉक्समध्ये काही तुटलं, की लोखंडाचा कण चुंबकाच्या प्लगला चिकटायचा आणि वैमानिकासमोर दिवा लागायचा. पण नेहमीच्या झिजेचा काळा गाळ जमला तरी तोच दिवा. वाळवंटात तर सारखाच. मग आमची रीतच पडली. प्लग काढा, बोटानं पुसा, बसवा, उडवा.

एका सकाळी त्यानं प्लग पुसला नाही. मिठाईवरच्या वर्खासारखा एक तुकडा त्यानं माझ्यापुढे धरला.

"हे झिजलेलं नाई. आत काही तुटून राहिलं."

"तुले भेव लागते का रे?" मी सगळ्यांसमोर म्हणालो. पोरं हसली.

तरी त्यानं हेलिकॉप्टर अडवलं. नियमानं गिअरबॉक्स बदलावा लागला, मोठा सराव बुडाला. साहेबांनी मला विचारलं, तर मी सांगितलं, नेहमीचाच गाळ होता. त्याची रवानगी भांडारात झाली. 'भेकू' हे नाव चिकटलं आणि लवकरच तो पेन्शन घेऊन गेला. पुढे कारखान्यात तो गिअरबॉक्स उघडला, तेव्हा बेअरिंगला तडा निघाला. मला कळलं. मी त्याला कळवलं नाही.

मी बसनं अकोल्याला गेलो. नात चहा आणि बशीत गरम आलूपोंगे घेऊन आली, तिलाही बसवलं आणि सगळं सांगितलं. त्या दिवशी ते हेलिकॉप्टर उडालं असतं तर आतली दोन माणसं परत आली नसती, हेही.

त्यानं हातातला कप खाली ठेवला.

"इतके वर्स तुह्या पोटात राह्यलं हे?"

"हो."

"मले वाटे तुह्या पोटात नुसते आलूपोंगेच रायतात." तो हसला नाही, पण पुढची बशी माझ्याकडे सरकवली.

नात मधेच मला म्हणाली, "आजोबा, आता पण तो दिवा तसाच लागते का?"

मी सांगितलं, की नव्या प्लगमध्ये विजेचा झटका देऊन बारीक गाळ जाळून टाकता येतो. दिवा विझला नाही, तर समजायचं, मोठा तुकडा आहे.

"आन् झटका देऊनबी शंका राहिली तं?"

मी तोंड उघडणार तोच तो खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर हळूच घासत म्हणाला, "तं पुसायचं नाई. आधी उजेडात धरायचं. इकडे ये, दाखवतो."