काळा झगा

सोन्याच्या खाणींमुळे वसलेल्या त्या जुन्या गावात दर एप्रिलला उत्सव असतो. इथे परदेशात आम्ही राहतो त्या हॉर्नबीहून मुलांना घेऊन हटकून जातो. मिरवणुकीत एक गोऱ्या आजी काळा झगा घालून, खाणीत मेलेल्या मजुराची विधवा बनून खोटंखोटं रडत चालायच्या. त्यांचं नाव मला अजूनही ठाऊक नाही. त्यांचे यजमान फुटपाथवरून ओरडायचे, “अगं, मी जिवंत आहे!” सगळा रस्ता हसायचा. आजी रुमालाआड हसू दाबायच्या.

एका वर्षी आजी साध्या स्वेटरमध्ये फुटपाथवर उभ्या दिसल्या. यजमानांच्याच जागी, एकट्याच. मी पटकन बोलून गेले, “आज काळा झगा नाही?”

मिरवणुकीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, “समोरून तो ‘जिवंत आहे’ म्हणायचा ना, म्हणूनच मला काळं घालता यायचं.”