तळ्यातला की खाडीचा

सासऱ्यांशी माझं पहिलं भांडण जिताड्यावरून झालं, आणि पुढचीही बहुतेक त्याच्यावरूनच. ते अलिबागकडचे, सगळा जन्म खाडीकाठी गेलेला. मी पुण्याची, मासा ओळखायला लग्नानंतर शिकले, तेही त्यांच्याकडूनच. आमच्या सासरी ज्याचा मान ठेवायचा, मग तो व्याही असो की डॉक्टर, त्याच्या घरी जिताडा पोचवतात, आणि तो खाडीचाच लागतो. भरतीबरोबर ये-जा करणारा खाडीचा जिताडा रुपेरी असतो, अंगाने सडपातळ, शेपटीची कड अखंड. तळ्यात सोडून वाढवलेला काळपट, पोट सुटलेला, पर घासून झिजलेले. तळ्यातला पाठवला तर लोक तोंडावर काही बोलत नाहीत, मागे वर्षभर बोलतात.

सासूबाई गेल्यावर नवऱ्याने बाबांना इथे परदेशात, हौगांगच्या आमच्या फ्लॅटवर आणलं. इथे जिताड्याला सीबास म्हणतात, आणि समुद्रातला नि फार्मवरचा एकाच बर्फावर शेजारी शेजारी पडलेले असतात. समुद्रातला दिसला की बाबा त्याला खाडीचाच म्हणायचे. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं मार्केटात जायचो.

"हा खाडीचा."

"काहीतरीच काय बाबा! पाठ बघा त्याची."

"मला शिकवतेस? तू पुण्याची!"

मासेवाली चिनी आंटी हातातली सुरी थांबवून आमची गंमत बघत राहायची. बहुतेक वेळा बाबाच बरोबर निघत. मला असा राग यायचा म्हणून सांगू!

यंदा त्यांनी गावी परत जायचा हट्ट धरला. एकटं राहायचं, हाताने रांधून खायचं. इथल्या नोव्हेना भागातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. बरीच नजर गेली आहे, गेलेली परत येणार नाही, आता एकटं राहू नका, असं त्यांनी स्पष्ट बजावलं होतं. बाबा म्हणाले, "डॉक्टरला काय कळतंय? मला सगळं दिसतं." रोज तोच वाद. शेवटी नवरा वैतागला. "दिसतंय ना? मग जा," म्हणाला आणि शुक्रवारचं तिकीट काढून मोकळा झाला.

निघण्याआधीच्या रविवारी बाबा मार्केटात म्हणाले, "आज मी निवडणार. तू मध्ये बोलायचं नाहीस." ते बर्फावर इतके वाकले की नाक माशाला टेकेल. मग एकावर हात ठेवून म्हणाले, "हा घे, खाडीचा! कसा चमकतोय बघ."

चमकत होता तो बर्फ. मासा काळाकुट्ट होता, पोट हे एवढं, शेपटी पार झिजलेली. आंटीने तोंड उघडलं. मी डोळे वटारले तशी ती गप्प झाली.

एक शब्द बोलले असते तर जाणं तिथल्या तिथे मोडलं असतं. चुलीपाशी, जिन्यात, विहिरीवर ते एकटे काय करणार, हे मला कळत होतं. पण त्यांचा चेहरा इतका खूश होता की माझी जीभच उचलेना. "छान आहे," मी म्हणाले. इतकी भित्री मी कधीच नव्हते.

दुपारी कालवण केलं. बाबांनी पहिला घास घेतला आणि त्यांचं चावणं मंदावलं. तळ्यातल्या माशाला चिखलाचा वास असतो, तो कितीही चिंच घातली तरी लपत नाही. नवऱ्याने विचारलं, "कसा झालाय, बाबा?"

"बरा आहे," ते म्हणाले, आणि ताटातली तुकडी त्यांनी काटे चोखून संपवली.

मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "तळ्यातला होता. तुला तिथेच कळलं होतं ना?"

मी मान हलवली. ते थेट माझ्याकडे बघत होते, तरी उत्तराची वाट बघत राहिले. दोन हातांवर बसले होते ते माझ्यापासून.

"हो, बाबा," मला तोंडाने सांगावं लागलं.

"मग भांडली का नाहीस गं?"

मला रडूच फुटलं. "तुम्हाला जायचं होतं ना," मी म्हणाले.

त्यांनी उष्टा हात ताटातच धुतला. मग मुलाला म्हणाले, "शुक्रवारचं रद्द कर."