हंड्याची गॅरंटी

आधी कॉफी येऊ द्या. ही फजिती अशी आहे की दोन घोट पोटात गेल्याशिवाय माझ्याच्याने सुरुवातच होत नाही. आणि चहा मागू नका, हे कुंभकोणम आहे.

मी कोण, ते पहिल्यांदा सांगतो. इथल्या बाजारात माझं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. आजोबांनी काढलं, वडिलांनी वाढवलं, मी त्यात बसतो. घर दुकानाच्या मागेच. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही तमिळ मुलखात, पण घरात मराठी. एकादशीला विठ्ठलाचं भजनही मराठीत. मात्र आमचं मराठी ऐकून पुण्याकडची माणसं आधी पोथी ऐकल्यासारखे हात जोडतात आणि मग हसू दाबतात. म्हणून हे लिखाण माझ्या सुनेने, सईने, तुमच्यासाठी नीट करून दिलंय. व्याकरण तिचं आहे. फजिती पूर्णपणे माझी.

आमच्या दुकानात एक वाक्य आहे. आजोबांपासून चालत आलेलं. गिऱ्हाईक तांब्याची घागर हातात घेऊन घुटमळायला लागलं की मी चष्मा काढतो आणि सावकाश म्हणतो, ‘यात रात्रभर पाणी ठेवा. सकाळी एक जीव जिवंत सापडला तर भांडं परत आणा.’ घागर खपते. आजवर कोणी परत आणली नव्हती.

समोरच सेल्वराजचं प्लास्टिकचं दुकान. बादल्या, टब, डबे, खुर्च्या, सगळं रस्त्यापर्यंत आलेलं. माणूस वाईट नाही, पण प्लास्टिक विकतो. मी त्याच्या दुकानाची पायरी कधी चढलो नव्हतो आणि माझ्या घरात प्लास्टिक येऊ दिलं नव्हतं. स्टीलसुद्धा नाही. स्टील म्हणजे माझ्या लेखी प्लास्टिकचा चुलतभाऊ. आमच्या न्हाणीघरात पितळेची बादली आहे. ती उचलून उचलून माझ्या बायकोचा, कमलाचा, खांदा धरला, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. खांदा तिचा होता हे मला मान्य आहे.

अशा घरात सई पुण्याहून लग्न होऊन आली. येताना रेल्वेत सगळा प्रवासभर मांडीवर एक डबा घेऊन बसली होती. आम्हाला वाटलं, दागिने असतील. डब्यात पाणी होतं आणि पाण्यात लाल कोळंब्या. मोठ्यात मोठी बोटाच्या नखाएवढी.

कमलाने डब्यात डोकावून पाहिलं आणि मुलाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ‘हें शिजवायाचें?’

शिजवायचं नव्हतं. बघायचं होतं. गोड्या पाण्यातल्या या कोळंब्या काचेच्या टाकीत पाळतात म्हणे. शेवाळ खातात, उकडलेल्या पालकाचं पान खातात. त्या शाकाहारी आहेत असं सईने सांगितल्यावर कमलाने त्यांना घरात घेतलं. पुढे पुढे तर ती एकादशीला त्यांनाही उपास घडवायची.

सई फार गुणी मुलगी. काहीही विचारा, म्हणणार ‘चालेल, अप्पा.’ सांबार तिखट झालं? चालेल. पंखा बंद पडला? चालेल. मुलीने एकदा तरी चिडावं, थट्टा करावी, ‘हे काय हो अप्पा’ म्हणावं, अशी माझी फार इच्छा होती. आपल्या घरात माणूस थट्टा करायला लागलं की समजावं ते रुळलं. पण सई हसायची ती फक्त त्या टाकीसमोर. मला त्या कोळंब्यांचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

मग तिच्या बहिणीचं लग्न निघालं. मुलगा आणि सई पुण्याला गेले, टाकी माझ्या हवाली झाली. आणि ते तिकडे असतानाच सईने मागवलेली पाणवनस्पतींची नवीन रोपं कुरियरने आली.

फोन केला तर सई म्हणाली, ‘अप्पा, ती लगेच टाकीत घालू नका हां. रोपवाटिकेत औषधं फवारतात, कोळंब्यांना ती सोसत नाहीत. पानांवर गोगलगायींची अंडीही असतात. वेगळ्या पाण्यात भिजत ठेवा, पाणी रोज बदला. तीन आठवडे तरी ठेवायचीत. मी आल्यावर घालीन.’

आता हे काय आम्हाला शिकवायला पाहिजे? बाहेरून आलेली वस्तू आधी बाजूला ठेवायची, धुवायची, कोणी शिवायचं नाही, मग आत घ्यायची. आमच्या घरात याला सोवळं म्हणतात. कमलाला तर एका वाक्यात कळलं. तिने मागच्या अंगणात कोपरा पुसून घेतला आणि मोलकरणीला त्या बाजूला फिरकू नको म्हणून बजावलं.

राहता राहिला प्रश्न भांड्याचा. सुनेची रोपं, पहिल्यांदाच तिने काही काम सांगितलेलं. ती काय कुठल्याही भांड्यात ठेवायची? लग्नात मी तिला तांब्याचा मोठा हंडा दिला होता. शेलका माल, वर मराठीत नाव घातलेलं: ‘सौ. सई’. तोच काढला. चिंचेने असा घासला की तोंड बघून भांग पाडावा. त्यात विहिरीचं पाणी, पाण्यात रोपं. शिवाय माशांचं खाद्य विकणाऱ्या दुकानदाराने सांगितलं की तुरटीने गोगलगायींची अंडी मरतात. तो म्हणाला चिमूटभर, थोडा वेळ. मी म्हटलं, घरचं काम आहे, हात आखडता कशाला. एक खडाच सोडला आणि पाण्यातच राहू दिला.

रोज पाणी बदललं. रोज नवा खडा. रोज हंडा चिंचेने लख्ख.

एक दिवस कमला येऊन बघून गेली. ‘अहो, तें पाणी निळसर कां दिसतें?’

‘सुम्मा अस. शुद्धि होती आहे,’ मी म्हणालो.

‘सुम्मा अस’ म्हणजे गप्प राहा. या दोन शब्दांवर आमचा संसार चाललेला आहे.

सई येण्याचा दिवस जवळ आला तशी मला घाई सुटली. तिने दार उघडावं आणि टाकीत हिरवंगार रान दिसावं. तीन आठवडे? ते साध्या भांड्यांसाठी असणार. रोपं तांब्यात होती. एका रात्रीत जिथे एक जीव उरत नाही, तिथे आठवडाभर राहून काय उरलं असेल? माझ्याच वाक्यावर माझा इतका विश्वास होता.

सकाळी पूजा आटोपून मी रोपं टाकीत लावली. छान दिसली. मग मनात आलं, बिचारी परक्या पाण्यात आली आहेत, त्यांना करमायचं नाही. म्हणून हंड्यातलं सवयीचं पाणीही दोन तांबे भरून टाकीत ओतलं. पाण्याची आठवण रोपाला येते की नाही मला ठाऊक नाही. सुनेला माहेरची येते, तेवढं पाहिलं होतं.

थोड्याच वेळात कोळंब्या पोहायला लागल्या. एरवी दिवसभर एका जागी बसून हात चाटणाऱ्या त्या. आता वरून खाली, खालून वर, काचेला धडका देत, एकमेकींवरून उड्या मारत. माझा ऊर भरून आला. कमलाला हाक मारली. तिनेही टाळ्या वाजवल्या. एवढ्यावर थांबावं की नाही? मी सेल्वराजलाही बोलावून आणलं. तो पहिल्यांदाच माझ्या घरी आला, काचेला नाक लावून उभा राहिला आणि तमिळमध्ये म्हणाला, ‘रायर, नाचतायत.’ आम्हा मराठी लोकांना इथे रायर म्हणतात.

मी लगेच सईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे मांडव, सनई, हातात मेंदी. मी फोन टाकीसमोर धरला आणि म्हणालो, ‘पाहा, तुझ्या मुली कशा नाचताहेत.’

सनई वाजत राहिली. मग सईने फोन जवळ घेतला.

‘अप्पा, त्या नाचत नाहीयेत. त्या बाहेर पडायला वाट शोधतायत.’

मी फोन माझ्याकडे वळवला.

‘रोपं कशात भिजवली होती?’

‘अगे, तुझ्याच हंड्यांत.’

‘तांब्याच्या?’

‘हो तर. चांगला घासूनं.’

मग तिने जे सांगितलं ते मी उभ्याउभ्या ऐकलं. माणसाला तांब्याचं पाणी सोसतं. कोळंबीला तांबं म्हणजे विष. थेंबाथेंबाने उतरलं तरी विष, आणि मी तर चिंचेने उघडं केलेलं तांबं तुरटीच्या पाण्यात रोज उकरून काढत होतो. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं.

‘आधी त्यांना बाहेर काढा. टाकीजवळ माझी छोटी जाळी आहे. विहिरीचं स्वच्छ पाणी घ्या, हळूहळू सोडा. पण प्लास्टिकच्या बादलीत, अप्पा. आहे ना घरात?’

मी घरभर नजर फिरवली. पितळेची बादली. तांब्याचं घंगाळ. पितळेची परात. काशाची वाटी. काचेचा पेला? आम्ही कॉफीही पितळेच्या डबऱ्यात पितो. चिनी मातीची बरणी होती, ती कैरीच्या लोणच्याने भरलेली. विहिरीतून पाणी काढायची घागरसुद्धा पितळेची. इतकं श्रीमंत घर आणि चिमूटभर जिवांना ठेवायला एक भांडं नाही.

सेल्वराज शेजारीच उभा होता. त्याला मराठी येत नाही, पण ‘प्लास्टिक’ हा शब्द त्याला कुठल्याही भाषेत कळतो.

भर बाजाराच्या वेळी मी त्याच्या मागोमाग रस्ता ओलांडला आणि त्याची पायरी चढलो. माझ्या बंद दुकानासमोर खोळंबलेलं गिऱ्हाईक मान वळवून बघत होतं. सेल्वराज एका शब्दाने लागट बोलला नाही. अगदी सभ्यपणे विचारलं, ‘लाल देऊ की हिरवा?’ मी म्हटलं, काहीही दे. त्याने लाल टब आणि लाल बादली काढली. मी हळूच म्हणालो, जरा गुंडाळून दे. त्याने गुंडाळून दिलं. पारदर्शक पिशवीत.

मग मी विहिरीवर. कमलाने दोराला प्लास्टिकची बादली बांधली, पहिल्यांदा ओढली आणि थबकली. ‘हें इतकें हलकें असतें?’ तिने खांद्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. या वेळी मीच सुम्मा असलो.

जाळीने एकेक कोळंबी काढून टबात सोडली. दोन-चार आधीच आडव्या झाल्या होत्या. एक पोटाखाली पिवळी अंडी घेऊन फिरणारी होती, सईची सगळ्यात लाडकी. ती बराच वेळ एका कुशीवर पडून होती. मी टबापाशी स्टूल घेऊन बसलो. दुकान उघडलं नाही, जेवण गेलं नाही. खरं सांगतो, लग्नाच्या मांडवात मुलीला रडवल्यासारखं वाटत होतं. विठ्ठलाला म्हटलं, बाबा, माझी चूक आहे, त्यांची नाही. संध्याकाळी त्या अंडीवालीने एक पाय हलवला. मग तोंडाशी नेला. मी कमलाला हाताला धरून टबापाशी आणलं.

सई आली ती पिशव्या न टाकता थेट टबाशी गेली. वाकून खूप वेळ पाहिलं. थोड्या गेल्या होत्या, बाकीच्या शेवाळ चाखत बसल्या होत्या. अंडीवाली होती.

‘सई, माझं चुकलं,’ मी म्हणालो.

‘चालेल, अप्पा,’ ती म्हणाली आणि आत गेली.

तो ‘चालेल’ मला फार लागला. मी खाली मान घालून दुकानात येऊन बसलो.

दुकानात जवळच्या दारासुरमहून एक नवरा-बायको आले होते. तांब्याची घागर हातात, घुटमळणं सुरू. सवयीने मी चष्मा काढला. वाक्य ओठावर आलं. म्हणू की नको? पण धंदा आहे, जीभ आपोआप वळते. ‘यात रात्रभर पाणी ठेवा,’ मी म्हणालो, ‘सकाळी एक जीव जिवंत सापडला तर...’

एवढ्यात काउंटरवर धाडकन काहीतरी आदळलं. तांब्याचा हंडा. वर नाव: ‘सौ. सई’.

पुढ्यात सई उभी होती. चेहरा सरळ. रस्त्यापलीकडे सेल्वराज खुर्ची सोडून उठला.

‘परत आणलाय,’ सई म्हणाली. ‘यात आठवडाभर पाणी होतं, तरी घरी बरेच जीव जिवंत सापडलेत. तुमची गॅरंटी आहे ना, अप्पा?’

आणि मग ती हसली. टाकीसमोर हसायची तशी.

मी हंडा परत घेतला. काय करणार, आजोबांपासूनचा शब्द आहे. बदल्यात काय देऊ म्हणून विचारलं. वाटलं, समई मागेल, निरांजन मागेल. तिने भरलेल्या दुकानावरून एकदा नजर फिरवली आणि रस्त्यापलीकडे बोट दाखवलं.

‘तसाच आणखी एक टब. या वेळी हिरवा.’

दारासुरमचं जोडपं माझ्या आधी रस्ता ओलांडून गेलं.