काडीपेटी नसलेलं जहाज

म्हैसूरच्या अग्रहारातल्या त्या गल्लीत मोठी गाडी शिरत नाही, हे चैत्राला माहीत होतं. तिच्या आईला ते मान्य नव्हतं. "लग्नाची बस येते अंते (म्हणे), मग ही का नाही येत?" असं म्हणत पद्मक्का उंबऱ्यावर उभी होती आणि आम्ही सगळे तिच्या बॅगा हातात घेऊन कोपऱ्यापर्यंत चालत होतो. पहाटेची वेळ, देवळाची घंटा, शेजारच्या बायका रांगोळी अर्धवट सोडून बघायला उभ्या. क्रूझवर निघालेली माणसं कशी दिसतात ते त्यांना बघायचं होतं. चिवड्याचे डबे आणि खाकी दोरीने बांधलेली पिशवी घेऊन निघालेली दिसतात, हे त्यांना कळलं असावं.

पद्मक्का आणि मारुतीअण्णा ही म्हैसूरची जुनी मराठी माणसं. त्यांचे पूर्वज कापड रंगवायचे, छापायचे. आता देवराज मोहल्ल्यात त्यांचं अस्तर-फॉलचं दुकान आहे. मी नाशिकची. नवऱ्याच्या, म्हणजे शेखरच्या, नोकरीपायी इथे आले आणि एका साडीला जुळणारं अस्तर शोधत त्या दुकानात शिरले. अस्तर मिळालं नाही, पद्मक्का मिळाली. तिचं मराठी मला पहिले सहा महिने निम्मं कळायचं. आता मीच भाजीवाल्याशी तिच्यासारखी बोलते आणि नाशिकची बहीण फोनवर हसते.

क्रूझची कल्पना चैत्राची, म्हणजे त्यांच्या मुलीची. अण्णांची साठी या प्रवासातच येत होती. आमच्याकडे साठीशांत करतात; त्यांच्याकडे तर हॉल, पुरोहित आणि अख्ख्या मोहल्ल्याला जेवण. पण गेल्या वर्षी अण्णांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी गर्दी, धावपळ टाळायला सांगितलं होतं. म्हणून चैत्राने कोचीहून निघणाऱ्या जहाजावर दोन बेडरूमचा सुईट घेतला आणि तिच्या आईने एकटीने कंटाळू नये म्हणून आम्हा दोघांनाही ओढलं. मी नको नको म्हटलं ते फक्त रीत म्हणून. असल्या गोष्टींना मी मनापासून नाही कधीच म्हणत नाही.

गुंडलुपेट मागे टाकलं, जंगल ओलांडलं, घाट उतरून केरळात आलो तसा हवेला खारटपणा नव्हता तरी अण्णांना तो येऊ लागला. रात्र कोचीत काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी जहाज दिसलं आणि शेखर, जो आयुष्यात कशालाच मोठं म्हणत नाही, म्हणाला, "बरंच मोठं आहे."

सामान तपासणीला मात्र आमची वरात अडकली. चैत्राने आईला बजावलं होतं की इस्त्री चालत नाही, विजेचा कुकर चालत नाही. कुकर घरीच जप्तही झाला होता. पण दोरीच्या पिशवीतून निघालं चांदीचं निरांजन, तुपात भिजवलेल्या फुलवाती, कापूर, उदबत्त्या आणि काडीपेटी. एक नव्हे, चार कोपऱ्यांत चार. पद्मक्काच्या हिशेबाने एक सर्दावली तर दुसरी हवी. तपासणारी मुलगी शांतपणे म्हणाली की जहाजावर उघडी ज्योत चालत नाही, कोणालाच नाही. "अय्यो, देवाचं आहे मा ते. सुम्ने (उगाच) नाही आणलं," पद्मक्का म्हणाली. मुलीने हात जोडले, निरांजन आणि वाती परत दिल्या, बाकीचं ठेवून घेतलं. पद्मक्का पुढे चालू लागली, पण तिचा चेहरा उतरला होता.

सुईटचं काय सांगू? दार उघडलं तर आधी दिवाणखाना, मग समुद्र. मोठी बाल्कनी, त्यात आरामखुर्च्या, दोन्ही बाजूंना झोपायच्या खोल्या आणि न्हाणीघरात असा टब की अण्णा त्यात आडवे झाले तर हाक मारावी लागेल. आमच्या दिमतीला एक खास सेवक होता, नेल्सन. तो निघाला मंगळूरचा. पद्मक्काने कन्नडमध्ये त्याच्या आईची चौकशी केली, मग त्याला चकली दिली आणि संध्याकाळी तो बिछाना लावायला आला तेव्हा तिने तो आधीच लावून ठेवलेला होता. बिचारा घाबरला, त्याला वाटलं, काहीतरी चुकलं म्हणून मॅडमनी स्वतः केलं. चैत्राने आईला समजावलं, आईने ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी कपबशा विसळून ठेवल्या.

अण्णांची ऐट वेगळीच. ओला अंगठा पलंगपोसाच्या कडेवर घासून त्यांनी निकाल दिला, "रंग पक्का आहे." पडद्यांना मात्र नापास केलं. जेवणाच्या मजल्यावर तीन प्रकारचे मासे, सात-आठ प्रकारचे पाव, आणि आपल्यासाठी एका कोपऱ्यात डाळ-भात. अण्णा शुद्ध शाकाहारी. ते गोडाच्या टेबलापासून सुरुवात करून उलटे चालत येत. शेखर आणि मी पहिल्या दिवशी इतकं खाल्लं की रात्रीचा नाच फक्त बसून पाहिला. सुख अंगाला लागायला वेळ लागतो म्हणतात. मला अजिबात लागला नाही.

त्या रात्री बाल्कनीत पद्मक्काने मला आतली गोष्ट सांगितली. त्यांच्या घरी अण्णांच्या प्रत्येक वाढदिवसाला औक्षण होतं, लग्न झाल्यापासून एकही चुकलं नाही. फक्त मागच्या वर्षी चुकलं, कारण अण्णांचे थोरले भाऊ वारले होते आणि सुतकात ओवाळत नाहीत. महिना व्हायच्या आत अण्णा दुकानात छाती धरून बसले. "मागल्या वर्षी ओवाळलं नाही. पाहिलंस ना काय झालं? यंदा दिव्याशिवाय बेडा (नको)," ती म्हणाली. डॉक्टरांनी रक्तवाहिन्यांची कारणं दिली होती, ती तिला पाठ होती. तरी तिच्या मनाने हेच कारण धरून ठेवलं होतं. मी काही समजूत घालणार होते, पण तिने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. तेव्हा मला समजलं की ती साठी साजरी करायला आलेली नाही. नवरा आणखी एक वर्ष राहावा म्हणून आली आहे.

तिचा बेत तयार होता. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी जहाज लक्षद्वीपच्या एका बेटाशी थांबणार होतं. तिथे उतरायचं, कुठेतरी काडीपेटी मिळवायची आणि वाळूत पाच मिनिटांत ओवाळून टाकायचं. एक दिवस आधी झालं तर देव काही रागावत नाही, हे तिने स्वतःच ठरवलं होतं. सकाळी आम्ही सगळे टोप्या घालून, तोंडाला मलमं फासून तयार. तसं पाणी मी जन्मात पाहिलेलं नाही: काठाशी पोपटी, पुढे निळं, त्यापुढे गडद. बेट नारळांच्या पट्टीएवढं समोर दिसत होतं. आणि मग घोषणा झाली की लाटा मोठ्या आहेत, छोट्या बोटींतून प्रवाशांना उतरवता येणार नाही. लोक हळहळले, पोहायच्या तलावाकडे वळले. पद्मक्का रेलिंगला धरून त्या बेटाकडे बघत उभी राहिली, जहाज वळेपर्यंत.

दुपारी चैत्राने धडपड केली. नेल्सन वरिष्ठांकडे जाऊन आला आणि परत येऊन पद्मक्काशी खालच्या आवाजात कन्नडमध्ये बोलला. नियम म्हणजे नियम, समुद्रात आगीला पळायला जागा नसते. त्याने बॅटरीवर लुकलुकणारी एक मेणबत्ती मात्र आणून दिली. ती हुबेहूब होती, ज्योत हलायची सुद्धा. पद्मक्काने ती उलटी करून खालचं बटण पाहिलं. "सेल संपला की विझणार. हिच्यानं ओवाळू यांना?" एवढंच बोलून तिने ती टेबलावर ठेवली. नंतर मी ती गुपचूप खणात टाकली.

साठीचा दिवस उजाडला. चोहीकडे फक्त पाणी. चैत्राने खोलीत फुगे लावले होते, जहाजाकडून केक आला होता, मेणबत्तीविना. पद्मक्का पहाटेच न्हाऊन, म्हैसूरहून आणलेली रेशमी साडी नेसून बसली होती. ताटलीत कुंकू, अक्षता, सुपारी, बोटातली अंगठी, मधोमध निरांजन, त्यात वात. सगळं होतं. ती न्याहारीला आली नाही. चैत्रा रडवेली झाली, म्हणाली, "अम्मा, प्लीज ना, एक दिवस उशिरा केलं तर पर्वागिल्ला (चालतं). म्हैसूरला गेल्यावर मोठं करू." पद्मक्काने नकारार्थी मान हलवली. उशिरा म्हणजे मागच्या वर्षीसारखंच, हे तिचं गणित कोणाला खोडता येईना. शेखर आणि मी उगीच पडदे सरळ करत उभे.

अण्णा बाल्कनीतून आत आले. हा माणूस गिऱ्हाइकाशी दोन तास बोलेल, पण घरात चार शब्द बोलला तर सण. ते तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"आयसीयूत दिवा होता काय, पद्मा?"

तिने ताटलीतली सुपारी सरळ केली.

"तिथंही आग चालत नव्हती. ऑक्सिजन होता. तुला आत सोडलं तेव्हा तू काय केलंस?"

"तुम्हाला शुद्ध कुठं होती?" ती म्हणाली.

"डोळे मिटले होते. कान नव्हते मिटले. तू माझ्या तोंडावरून हात उतरवलेस आणि कानशिलावर बोटं मोडलीस. कडकड आवाज आला. तो ऐकला आणि कळलं, मी अजून आहे." त्यांनी तिच्या हातांकडे बोट केलं. "घरचा दिवा चुकला त्या वर्षी. पण मी गेलो नाही. ते हात होते ना? तेच हात उतरव. अष्टे (एवढंच)."

हे त्यांनी वर्षभर तिला सांगितलं नव्हतं. तिनेही कोणाला सांगितलं नव्हतं. तिला वाटलं होतं ते फक्त तिलाच आणि तिथल्या नर्सला माहीत आहे. पद्मक्का उठली. त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या, सुपारी-अंगठी ओवाळली. मग रिकामे दोन्ही तळहात त्यांच्या चेहऱ्यावरून, खांद्यांवरून खाली आणले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. दहाही बोटं वाजली. आपल्याकडे म्हणतात, जितकी बोटं वाजतील तितकी दृष्ट निघाली. शेखर, ज्याचा कशावर विश्वास नाही, त्याने माझ्याकडे पाहून हळूच मान डोलावली. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

नंतर पद्मक्काने दोन वाट्या खीर खाल्ली आणि केक नेल्सनला वाढला. हसत-खेळत दुपार गेली. कोणीतरी विषय काढला तेव्हा अण्णांनी तिला विचारलं, तिचा वाढदिवस कधी असतो. ती हसली. दसऱ्याच्या आगेमागे कधीतरी, तिची आई लवकर गेली, तारीख कोणी लिहून ठेवली नाही. शाळेत मास्तरांनी जून घातला, सगळ्यांना घालत तसा. "बायकांना कोण ओवाळतं? आम्ही ओवाळायचं," ती म्हणाली आणि बाल्कनीतल्या खुर्चीत पाय वर घेऊन झोपी गेली. अण्णा बराच वेळ समुद्राकडे बघत बसले होते.

उरलेले दिवस सुखाचे गेले. पद्मक्का त्या प्रचंड टबात एकदा बसली आणि बाहेर येऊन म्हणाली की पाणी फार वाया जातं, पण पाठ मोकळी झाली. आम्ही पत्ते खेळलो, शेखर हरला, अण्णांनी पडद्यांना शेवटी काठावर पास केलं. कोचीला उतरताना नेल्सनने वाकून पद्मक्काच्या पायांना हात लावला. तिने त्याला चकलीचा उरलेला डबा डब्यासकट देऊन टाकला. ती डबा देते म्हणजे काय, हे आमच्या बायकांना सांगायला नको.

घरी परतल्यावर लोक विचारतात, काय मजा केली? मी टब सांगते, बाल्कनी सांगते, त्या पोपटी पाण्याचे फोटो दाखवते. खोटं काही नाही, मजा खूप आली आणि बोलावलं तर उद्या पुन्हा जाईन. पण प्रवास म्हटला की मला आठवतं ते परतीच्या वाटेवरचं, गुंडलुपेटजवळचं एक छोटं हॉटेल. पद्मक्का आणि चैत्रा हात धुवायला गेल्या होत्या. अण्णांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि खालच्या आवाजात विचारलं, "ताई, औक्षणात आधी काय? सुपारी का कुंकू? जन्मभर समोर बसलो, बघितलंच नाही मी."

मी सांगितलं: आधी कुंकू, मग अक्षता, मग सुपारी आणि अंगठी, शेवटी निरांजन. तारखेचं विचारलं तर म्हणाले, तारीख नाहीच, तर येत्या पौर्णिमेला करतो. पुढं तोच तिचा वाढदिवस. वडे संपलेली स्टीलची ताटली त्यांनी दोन्ही हातांत धरली, बायका येत नाहीत ना ते पाहिलं आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला ओवाळून बघितलं. हात अवघडलेला, ताटली वाकडी.

मी म्हटलं, "अण्णा, हात जरा वर. पद्मक्का तुमच्यापेक्षा उंच आहे."

"उंच कशी?" ते म्हणाले. "ती बसलेली असणार. तिला पाटावर बसवायचं आहे मला."