मागून बसलेली गाडी
भांड्यांच्या साबणाचा लिंबासारखा वास आला की वाळूजचं ते गॅरेज आठवतं आणि माझं डोकं तापतं. पप्पांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांना धक्के बसू नयेत म्हणून आम्ही स्प्रिंगांऐवजी हवेच्या रबरी फुग्यांवर चालणारी जुनी गाडी घेतली होती. ती मीच चालवायचे. काही दिवसांत ती रात्रभर उभी राहिली की मागून एका बाजूला बसायला लागली आणि प्रत्येक खड्ड्याला पप्पा ओठ दाबून घ्यायचे. गॅरेजमध्ये मिस्त्री माझ्याकडे न बघता माझ्यासोबत आलेल्या काकांना म्हणाला, “ताई लई दाबून चालवतेत, साहेब. फुग्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर गेला.” काका हसले. “इंग्लिश शाळेत ब्रेक शिकवत नाहीत वाटतं. ही पोरगी माझ्या भावाची पाठ मोडणार.” उभी गाडी कोण दाबून चालवतं, असं मला विचारायचं होतं, पण भांडताना माझे मराठी शब्द नेहमी उशिरा येतात. फुग्यांत हवा भरावी म्हणून मी इंजिन चालू केलं, नळावरचा भांड्यांचा साबण पाण्यात कालवला आणि मागच्या चाकाशी वाकून फुग्यावर ओतला. रबराच्या चिरेतून फसफस फेस यायला लागला; कॉम्प्रेसर ठीक होता, हवा तिथून गळत होती. मिस्त्रीनं फुगा बदलला. गाडी सरळ उभी राहिली. काकांनी चावी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, “आता तरी हळू चालव.” मी आत बसले, दार लावलं आणि काकांना न घेताच निघाले. ते वाळूजहून घरी कसे आले, हे मी अजून विचारलेलं नाही.