आखूड पायाचा क्रॉस

गाठवाला टॅटू काढायचा, आणि काढण्यापेक्षा जास्त त्यांचे अर्थ सांगायचा. तेवीस वर्षं तेच दुकान, तीच मागे कलणारी खुर्ची. गिऱ्हाईक एकदा त्या खुर्चीत बसलं की अर्धा तास व्याख्यान ऐकल्याशिवाय त्याला सुई लागत नसे. लांब पायाचा साधा क्रॉस म्हणजे श्रद्धा, बास, त्यात फार खोल शिरू नका. खाली नांगर असला तर आशा. आडवी-उभी काठी जिथे मिळते तिथे कडं आलं की तो केल्टिक, जुन्या आयर्लंडकडचा. कडं म्हणजे ज्याला शेवट नाही ते. कुणी सूर्य म्हणतं, कुणी अनंतकाळ, तुम्हाला झेपेल ते घ्या. आणि आतली ती वेणीसारखी गाठ? तिला टोक नसतं. पदर एकदा वरून गेला की पुढच्या ठिकाणी खालूनच गेला पाहिजे. एक जरी चुकला तर ती गाठ नव्हे, गुंता. या गाठींत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणूनच तर सगळे त्याला गाठवाला म्हणत.

एकदा एक बाई सासूला हादरवायचं म्हणून उलटा क्रॉस काढून घ्यायला आली. गाठवाल्याने तिला बसवून सांगितलं, की उलटा क्रॉस सैतानाचा वगैरे नंतरच्या लोकांनी केला. मूळची गोष्ट अशी, की एका संताला क्रॉसवर खिळताना तो म्हणाला, माझ्या प्रभूसारखं सरळ मरण्याची माझी लायकी नाही, मला उलटा टांगा. म्हणजे ही नम्रतेची खूण.

"नम्रता?" बाई उठलीच. "ती मी सासूसमोर कशाला गोंदवून घेऊ?"

बायको दुकानात सुया उकळायची, हातमोज्यांचे खोके लावायची. ती म्हणाली, "अहो, अर्थ नंतर सांगत जा. आधी टॅटू काढा."

असा हा माणूस. त्याचं काही चुकेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नसतं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही नाही.

सोमवारी भर दुपारी त्याची भाची दुकानात आली. अंगावर नर्सचा गणवेश, पायात रुग्णालयातल्या रबरी चपला तशाच. ती म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषागृहात कामाला होती. आई, म्हणजे गाठवाल्याची धाकटी बहीण, दोन वर्षांपूर्वी गेली. आईच्या गळ्यात कायम एक लॉकेट असे, कडं असलेला, आत गाठ विणलेला क्रॉस. दोन महिन्यांपूर्वी तोच मामाने भाचीच्या मनगटाच्या आतल्या बाजूला काढून दिला होता. काढताना दोघंही रडली होती आणि मामीने दोघांनाही एकच रुमाल दिला होता.

"मामा," तिने मनगट टेबलावर आपटलं, "हे काय काढलंयस तू?"

"तुझ्या आईचा क्रॉस."

"नऊ नंबरच्या खोलीत एक आजोबा आलेत नवीन. मी त्यांना मोजे घालत होते. माझं घड्याळ वर सरकलं आणि हे दिसलं. त्यांनी पाय ओढून घेतले, भिंतीला चिकटून बसले. मला म्हणाले, ही बाई माझ्या खोलीत नको."

"का पण?"

"त्यांचं चपलांचं दुकान होतं. त्यांच्यासारख्या बाहेरून आलेल्यांना हाकलून लावणारी एक टोळी होती तेव्हा. टोळीवाल्यांनी याच खुणेने तीन वेळा आजोबांचं दार रंगवलं. चौथ्यांदा पेटवलं. मोठ्या सिस्टरनी मला घरी पाठवलंय. म्हणाल्या, गुरुवारी ये. तू तसल्या लोकांतली आहेस की नाहीस, हे तोवर मला ठरवू दे."

"म्हातारा चळलाय," गाठवाला म्हणाला. "केल्टिक आहे तो. हजार वर्षांचा. दगडात कोरलेला."

मामी फोनवर बोट फिरवत होती. मग तिने फोन नवऱ्यासमोर धरला. "अहो, हे बघा."

वंशद्वेष्ट्या टोळ्यांचे झेंडे होते. भिंती होत्या. मुंडण केलेल्या डोक्यांची रांग होती, आणि प्रत्येक ठिकाणी कडं आणि त्यात चारही हात सारखे असलेला आखूड, सपाट क्रॉस. गाठवाल्याने फाइलमधून भाचीच्या क्रॉसचा ट्रेसिंग पेपर काढला आणि फोनशेजारी ठेवला. दोन्हींत केसाचा फरक नव्हता. त्याने खुर्ची ओढली, पण बसायचं विसरला.

भाचीने गळ्यातलं आईचं लॉकेट काढून तिसरं शेजारी ठेवलं. त्याचा पाय लांब होता. आत गाठ होती.

"पाय मी कापला," गाठवाला हळू म्हणाला. "मनगटाच्या वळीवर शाई टिकत नाही. रेघ फुटते. म्हणून वळीच्या आत आटोपला. आणि गाठ इतक्या लहान जागेत पाच वर्षांत पसरून डाग होते. म्हणून सोडली."

दोन्ही गोष्टी कारागीर म्हणून चोख. कुठल्याही जाणत्याने हेच केलं असतं. आणि हातावर उरलं ते दार पेटवणाऱ्यांचं निशाण.

"तेवीस वर्षं अर्थ सांगतोय मी लोकांना."

"हा तेवढा राहिला," मामी म्हणाली. एरवी अशा बोलण्यावर ती स्वतःच हसायची. आज नाही हसली.

"पुसता येईल?" भाचीने विचारलं.

"येईल. काळा चौकोन भरला की झालं."

"आईवर काळा चौकोन?"

मग तिघं त्या मनगटावर वाकली. तळव्याच्या बाजूला पाय वाढवायला जागाच नव्हती. जागा होती ती कोपराच्या बाजूला. गाठवाल्याने पेनने क्रॉसच्या वरच्या हाताला तिकडे दोन इंच लांबवलं, त्यात गाठ विणली. भाचीने हात खाली सोडला आणि तिघांना एकदमच दिसलं: क्रॉस उलटा झाला होता.

"हात वर कर," मामी म्हणाली. "भरवताना चमचा धरतेस तसा."

भाचीने बोटं वर करून हात उचलला. क्रॉस सरळ उभा राहिला.

"काढ," भाची म्हणाली. "काम करताना सरळ दिसला की पुरे."

त्या दुपारी गाठवाल्याने एकही अर्थ सांगितला नाही.

गुरुवारी तो तिच्याबरोबर गेला. मोठ्या सिस्टरच्या टेबलावर त्याने लॉकेट ठेवलं, ट्रेसिंग पेपर ठेवला, आणि पाय कसा आणि का कापला ते जसंच्या तसं सांगितलं. सिस्टरनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला पटलं. पण खोली त्यांची आहे. त्यांना सांगा."

नऊ नंबरमधले आजोबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. भाची आणि मोठ्या सिस्टर दारातच थांबल्या. गाठवाल्याने लॉकेट आणि कागद तिथल्या टेबलावर ठेवून पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी चार जागी अडखळून. आजोबांनी चष्मा लावला.

"आण हात, मुली."

त्यांनी तिचं मनगट धरलं नाही, नुसतं पाहिलं. गाठीच्या पदरावरून हवेतच बोट फिरवलं, एकदा वरून, एकदा खालून.

"आईचा?"

"हो आजोबा."

"राहू दे तिला," ते सिस्टरना म्हणाले. भाचीने भिंतीला पाठ टेकली. पण आजोबांचं लक्ष टेबलावरच्या कागदाकडे गेलं होतं. त्यांनी तो उचलला. "हा इतका मळका कसा? दोन महिन्यांचाच ना?"

मनगटासाठी सुटसुटीत नमुना जमला म्हणून गाठवाल्याने तो फाइलमध्ये सगळ्यांत वर ठेवला होता. लहान जागेसाठी कुणी केल्टिक मागितला, की तोच.

"आणखी कुणाच्या हातावर आहे हा?"

"सहा जणांच्या," गाठवाला म्हणाला. स्वतःच्या तोंडून तो आकडा त्यानेही पहिल्यांदाच ऐकला.

आजोबांनी कागदाची घडी केली आणि ती त्याच्या हातात दिली. "मग इथे काय करतोयस?"

बाहेरच्या लांब वऱ्हांड्यात, औषधांच्या ढकलगाड्यांना वाट देत, गाठवाल्याने पहिला नंबर लावला. छापखान्यातला माणूस होता, दोन मुलींचा बाप, हसरा.

"काय गाठवाले, कशी काय आठवण काढली?"

"आज दुकानात ये," गाठवाला म्हणाला. "आणि येईपर्यंत बाही खाली कर."